साडू आणि पाठचा वारा

दोन मजले उंच

धावपट्टी नाकासमोर होती, वारा डाव्या अंगानं आणि थोडा पाठीमागून येत होता, आणि थोरल्या जावयाच्या डोक्यात त्या घटकेला विमान नव्हतं. मधल्या रांगेत खिडकीपाशी बसलेले सासरे होते.

विमान उतरवताना माणसानं विमानच उतरवावं, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. नव्या वैमानिकांना तोच ते सांगायचा. पण डोकं ऐकत नाही. डाव्या खुर्चीत तो स्वतः, कॅप्टन. उजव्या खुर्चीत सहवैमानिक, म्हणजे त्याचा साडू, बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. आणि मागे चाळीसेक प्रवाशांत त्या दोघी बहिणींचे वडील, पहिल्यांदाच थोरल्या जावयाच्या विमानात.

पहिल्यांदाच. यातच सगळं आलं.

सासऱ्यांनी उभं आयुष्य बस चालवली होती. वाहन कुठलंही असो, त्यांचं माप एकच, पोटातलं पाणी हललं की नाही. भाच्याच्या नव्या गाडीत बसले, पाणी हललं, गाडी नापास. इमारतीला नवी लिफ्ट बसली तर वरच्या मजल्यापर्यंत जाऊन आले आणि म्हणाले, पाणी हललं नाही, ठेवायला हरकत नाही. जणू लिफ्टवाला यांच्याच होकारासाठी खोळंबला होता. धाकट्या जावयाच्या विमानातून ते दोन-तीनदा आले-गेले होते. दर वेळी थोरल्याचं वेळापत्रक ऐनवेळी बदललेलं. आणि दर वेळी घरी आल्यावर, चपला काढायच्या आधी, दारातूनच एक वाक्य: "पोटातलं पाणी हललं नाही."

थोरला तेव्हा सोफ्यावर बसून हसला होता. दर वेळी. हसून हसून गाल दुखले होते, आणि बायकोनं आत गेल्यावर विचारलं होतं, अहो, दाढ दुखतेय का तुमची?

एक मजला उंच

कामावर साडूला कापूस म्हणत. विमान कापसावर ठेवल्यासारखं उतरवतो म्हणून. थोरल्याला हातोडा म्हणत, अर्थात पाठीमागे. पण पाठीमागचं बोलणं फिरत फिरत पुढे येतंच, आणि येताना थोडं जाडजूड होऊन येतं.

खरं तर हातोडा हे नाव त्यानं मिरवायला हवं होतं. या धावपट्टीच्या एका टोकाला समुद्र, दुसऱ्या टोकाला टेकडी, आणि वारा बारा महिने आडवा. आडव्या वाऱ्यात विमान खेकड्यासारखं तिरकं आणावं लागतं, तोंड वाऱ्याकडे आणि चाल धावपट्टीकडे. अगदी शेवटी पायानं नाक सरळ करायचं, वाऱ्याकडचा पंख किंचित खाली घ्यायचा, आधी त्या बाजूचं चाक, मग दुसरं. आणि टेकवायचं ते ठामपणे. चाकांनी जमीन धरली पाहिजे. तिथं लाड करत बसलं की वारा विमानाला उचलून बाजूला नेऊन ठेवतो. म्हणजे अशा हवेत प्रवाशाला थोडा दणका बसणं ही चांगल्या कामाची खूण.

हे कापसालाही माहीत होतं. त्याला ते थोरल्यानंच शिकवलं होतं.

हो, थोरल्यानंच. कंपनीत त्याच्यासाठी शब्द टाकला थोरल्यानं. घरी चहाला आणला थोरल्यानं. मुलगा सरळ आहे, निर्व्यसनी आहे, मेहुणीला शोभेल, हे सासूबाईंच्या कानावर घातलं थोरल्यानं. धोंडा उचलला, नीट निरखून पाहिला, आणि आपल्याच हातानं आपल्या पायावर ठेवला.

पुढचं ठरलेलंच. कापसाच्या वाट्याला सकाळच्या फेऱ्या आल्या, वारा झोपलेला असतानाच्या. थोरल्याच्या वाट्याला दुपारच्या. दुपारच्या फेऱ्या जुन्या कॅप्टनांना देतात त्या काही शिक्षा म्हणून नाही, उलट भरवसा म्हणून. पण हे सासऱ्यांना सांगायचं कसं? जेवताना पानावर बसून, बाबा, त्याची हवा सोपी असते हो, असं? सांगितलं तर मत्सर वाटेल.

आणि तो मत्सरच होता, ही त्यातली पंचाईत.

याच्या आधी, ढगांजवळ

इथे थोडं वर जायला हवं, कारण चूक जमिनीजवळ झालीच नाही. ती वर झाली, निवांत, दोन्ही हात मोकळे असताना.

टॉवरमधल्या बाईंनी वाऱ्याचा आकडा सांगितला. वारा फिरलाय, म्हणाल्या, समुद्राकडून सरळ आलात तर तो थोडा पाठीमागून लागेल. टेकडीकडून यायचं का?

टेकडीकडून यायचं म्हणजे मोठा वळसा. तिकडून वारा समोरून आणि उजवीकडून मिळाला असता. समोरचा वारा विमानाला धरून ठेवतो, वेग कमी होतो, थोडीच धावपट्टी पुरते. पाठचा वारा ढकलत नेतो. पण टेकडीला धडकून उसळणाऱ्या वाऱ्याला गचके असतात, शेवटपर्यंत. तिकडून आलं तर दणका नक्की. समुद्राकडची हवा मात्र सपाट, मऊ.

कापसानं मान वळवून विचारलं होतं, "सर, तिकडून घेऊया का? पाठचा वाढतोय."

"मर्यादेत आहे," थोरला म्हणाला.

आणि होता. पुस्तकात जो आकडा दिला होता त्याच्या आतच होता. खोटं वागण्यासाठी त्याला खोटं बोलावंही लागलं नाही.

तो तोंडानं जे बोलला ते एवढंच. मनात बोलला ते असं: माझ्या धावपट्टीवर मला वारा शिकवतोस. तुझ्या सासऱ्यांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, म्हणजे आधी माझ्याच, तुझ्या कितीतरी आधी माझ्या, मी आज असं उतरवून दाखवतो की खाली आलो कधी ते विचारतील. एकदाच. मला एकदाच कापूस होऊ दे.

कापूस म्हणाला, "ठीक आहे, सर." घरी तो दादा म्हणायचा. कॉकपिटमध्ये सर. दोन्ही शब्दांत कुठे खोट काढता येत नव्हती. त्याचाही थोरल्याला राग होता.

माणसाच्या उंचीवर

आता पुन्हा खाली.

इंजिनांचा जोर त्यानं कमी केला. उजवा पाय हलकेच दाबून नाक सरळ केलं, डावा पंख किंचित खाली. सगळं सुरेख. इतकं सुरेख की इथे नेहमीचा थोरला असता तर त्यानं विमान टेकवून टाकलं असतं, धप्प, आणि संध्याकाळच्या चहाचा विचार सुरू केला असता.

त्यानं टेकवलं नाही. त्यानं धरून ठेवलं.

नाक अगदी थोडं वर, म्हणजे विमान तरंगतं. आणखी थोडं. चाकं आपली आपण जमिनीला लागतील, कुणाला कळणारही नाही, बशीवर कप ठेवावा तशी. हा कापसाचा हात. थोरल्यानं तो शेजारून कितीतरी वेळा पाहिला होता. मान तिकडे न वळवता, डोळ्यांच्या कोपऱ्यातून, दुसऱ्याच्या ताटात काय वाढलंय ते पाहावं तसा.

गुडघ्याएवढं उंच

(सासरे दारात. चपला अजून पायात. घरात सगळे: सासूबाई, दोघी बहिणी, कापूस सोफ्यावर. सासरे म्हणतात, आज थोरल्यांनी आणलं. मग थांबतात. मग म्हणतात, पोटातलं पाणी

अजूनही गुडघ्याएवढं

विमान खाली बसत नव्हतं. पाठचा वारा त्याला ढकलत होता. जमीन फार वेगानं मागे पळत होती, इतका वेळ पळायला नको होती. डांबरावर जाड पांढरे पट्टे रंगवलेले असतात, चाकं टेकायची ती त्यांच्यापर्यंत. ते खालून निघून गेले. पुढचं डांबर नुसतं काळं होतं, आणि त्याच्या शेवटाला टेकडी, बरीच स्पष्ट, तिच्यावरची झुडपं वेगवेगळी दिसण्याइतकी.

थोरल्याला ते दिसलं. दिसलं नाही असं म्हणणं त्याच्यावर अन्याय होईल. त्यानं पाहिलं आणि त्याला वाटलं, आत्ता टेकेल. आत्ता. एवढं धरलंय तर

"गो अराउंड," कापूस म्हणाला.

त्याच उंचीवर, अर्धा श्वास

गो अराउंड म्हणजे उतरणं सोडून द्या, जोर द्या, पुन्हा वर चला. कंपनीचा नियम असा होता की दोघांपैकी कुणीही हे दोन शब्द बोललं की चर्चा नाही. कॅप्टन बोलो की काल लागलेला सहवैमानिक. वर जायचं, भांडण असेल तर ते वर गेल्यावर करायचं. हा नियम बैठकीत मांडला होता थोरल्यानंच. टेबलावर बोट आपटून म्हणाला होता की तिथे मान-अपमान नसतो.

मान-अपमान होता. चांगला टेकडीएवढा.

कारण आत्ता जोर लावला तर विमान गर्जत, थरथरत, नाक वर करून उठणार. प्रवासी खुर्च्यांत मागे दाबले जाणार. नुसतं पाणी काय, पोटातलं सगळंच हलणार. आणि हे सगळं होणार ते कापूस म्हणाला म्हणून. त्यापेक्षा आत्ता आपटावं, करकचून ब्रेक मारावेत, पुरेलही धावपट्टी. कदाचित पुरेल. नाही पुरली तर

हे सगळं अर्ध्या श्वासात. आणि त्या अर्ध्या श्वासात त्याचा उजवा हात पुढे गेला होता. तो त्याला विचारून गेला नव्हता. इतकी वर्षं जे घोटलं होतं ते त्या हाताला पाठ होतं. सासरे, साडू, सोफा यातलं त्या हाताला काही माहीत नव्हतं. जोर पूर्ण लागला. विमान हबकलं, मग उचललं गेलं. टेकडी खिडकीच्या खालच्या काठाशी आली, आणि काठाखाली गेली.

"चाकं वर," थोरला म्हणाला.

"चाकं वर," कापूस म्हणाला, आणि वर घेतली.

पुन्हा ढगांजवळ

काही वेळ दोघंही कामाचंच बोलले. कापसानं टॉवरला कळवलं. टॉवरमधल्या बाईंनी काही विचारलं नाही, फक्त टेकडीकडचं टोक मोकळं आहे म्हणाल्या, आणि ते त्यांनी मगाशीही सुचवलं होतं. कापसानं प्रवाशांना दोन वाक्यांत सांगितलं की वाऱ्यामुळे पुन्हा फेरी घेतोय, काळजीचं कारण नाही. आवाजात घाबरल्याची खूण नव्हती, शहाणपणाचीही नव्हती.

ती असती तर बरं झालं असतं. एखादा उसासा, एखादी तिरकी नजर, मी म्हटलं होतं ना सर, असं काहीतरी. थोरला वाट पाहत होता. मिळालं असतं तर त्याला ते कुरवाळत बसता आलं असतं. कापूस मात्र समोर बघत आकडे वाचत होता. त्याच्या मानेवर घामाची एक रेघ होती, तेवढीच.

वारा असा आडवा असला की कॅप्टननंच उतरवायचं, तेव्हा पुन्हा थोरल्याचीच पाळी. क्षणभर त्याला वाटलं, हे घे, तूच कर, होऊन जाऊ दे एकदाचं. मग त्याच्या लक्षात आलं की हाही मत्सरच आहे, फक्त कपडे बदलून आलेला.

"वेग बघ," तो कापसाला म्हणाला. "आणि पट्टे गेले असं वाटलं तर बोल. मगाससारखं."

"हो, सर."

मगाससारखं हा शब्द तोंडातून काढताना त्याला दाढ काढल्यासारखं झालं.

टेकडीकडून, सगळ्या उंचीवर

गचके आले. टेकडीला धडकून वारा पायऱ्या चढल्यासारखा उसळत होता, धडधड, मध्येच एखादी पायरी गाळून. उजवीकडून वारा, म्हणून नाक उजवीकडे, चाल सरळ. खेकडा. मागे कुणाचं तरी मूल रडायला लागलं. थोरल्याच्या मनात या वेळी दार नव्हतं, चपला नव्हत्या. डांबर होतं आणि पांढरे पट्टे होते. डाव्या पायानं नाक सरळ, उजवा पंख खाली, उजवं चाक, आणि धप्प, डावं. लाड नाही. सगळं पट्ट्यांच्या आत. चाकांनी जमीन पकडली ती सोडली नाही.

मागे एखादी पिशवी पडल्याचा आवाज झाला. टाळ्या वाजल्या नाहीत. मूल रडायचं थांबलं, बहुधा आश्चर्यानं.

"छान, सर," कापूस हळूच म्हणाला.

थोरल्यानं ऐकलं नाही असं दाखवलं. त्याला कापसाकडून कौतुक नको होतं. तेही हवं तसं, बरोबर मापाचं, तो करायचा.

जमिनीवर

सामान येतं त्या पट्ट्याजवळच्या बाकावर सासरे बसले होते. टोपी मांडीवर, हात गुडघ्यांवर. बस लागलेल्या प्रवाशांचे जे चेहरे त्यांनी जन्मभर आरशातून पाहिले असतील, तसा आता त्यांचा स्वतःचा चेहरा दिसत होता. दोघे जावई गणवेशात, टोप्या काखेत, त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले. वर ऑफिसात जाऊन सगळं सांगायचं होतं, ते थोरला सांगणार होताच, त्यात लपवण्यासारखं काही नसतं. पण ऑफिस नंतर. ऑफिसाची त्याला भीती नव्हती.

पाण्याचा विषयच निघाला नाही. सासऱ्यांनी एकच विचारलं, की पहिल्यांदा खाली नेऊन परत वर नेलं, तेव्हा कोण चालवत होतं.

थोरल्यानं तोंड उघडलं. पण त्याच्या आधी कापूस बोलला होता.

"मी होतो, बाबा. माझं जरा चुकलं. दादांनी सांभाळून घेतलं."

असं, सहज. डोळ्याची पापणी न हलवता. आणि थोरल्याकडे बघितलंही नाही, म्हणजे उपकार केल्याचाही मागमूस नाही.

इथे कुणी भला माणूस असता तर त्याला भरून आलं असतं. थोरल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे हात याचा, सकाळ याची, चुकीच्या वेळी बरोबर शब्द याचा, आणि आता मोठं मनही यानंच घ्यायचं? घरी जाऊन हा गप्प बसणार. जन्मभर गप्प बसणार. मेहुणीलाही सांगणार नाही. आणि प्रत्येक जेवणाला, भाजी वाढून घेताना, आपल्याला त्याचं ते गप्प बसणं दिसत राहणार. नाही. बाकी सगळं घेतलंस ते घेतलंस. एवढं मी तुला मिळू देणार नाही.

"खोटं बोलतोय तो," थोरला म्हणाला. "मी चालवत होतो. दोन्ही वेळा मीच. तिकडून यायला नको होतं, यानं आधी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. तुम्हाला झुळूकसुद्धा लागू नये असं उतरवायचं होतं मला. आणि वर चला म्हणाला तोही हाच."

एका दमात बोलून झालं आणि त्याला हलकं वाटलं. खरं बोलल्यामुळे नव्हे. कापसाच्या हातातून काहीतरी ओढून घेतल्यामुळे.

सासरे उठले. टोपी बाकावर ठेवली. त्यांनी कापसाकडे पाहिलं आणि पुढे होऊन त्याचा कान धरला. खरोखरच धरला, चिमटीत, सामानाच्या पट्ट्यासमोर, चाकाच्या बॅगा ओढत जाणाऱ्या लोकांच्या देखत.

"माझ्यासमोर खोटं बोलतोस? गाढवा. एवढी माणसं मागे बसलेली, आणि कोण चालवत होतं हे तू मला खोटं सांगणार? उद्या अजून कुणासाठी सांगशील. लाज नाही वाटली?"

"बाबा, कान," कापूस म्हणाला. त्याचा चेहरा लाल झाला होता. लग्न झाल्यापासून त्याला या घरात कुणी असं बोललं नव्हतं.

थोरल्याला आनंद झाला. चांगला, गरम, पोटभर आनंद. तो टिकला साधारण बाजूनं एक बॅग सरकत जाईपर्यंत.

कारण मग सासरे त्याच्याकडे वळले. कान सोडला, शर्ट नीट केला, आवाज खाली आणला. पाहुण्याशी बोलावं तसा.

"तुम्ही सरळ सांगितलंत, बरं वाटलं, जावईबापू," ते म्हणाले, आणि हात जोडले.

हात जोडले. थोरला त्या जोडलेल्या हातांकडे पाहत राहिला. जाड बोटं, अंगठ्याजवळ स्टिअरिंगनं पडलेला जुना घट्टा. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्या हातांनी त्याच्यापुढे ताट सरकवलं होतं, खुर्ची सरकवली होती, सणसणीत एक फटका मात्र कधी दिला नव्हता. आणि नुकत्याच आलेल्या कापसाचा त्यांनी कान धरला होता.

सासऱ्यांची पेटी आली. कापसानं ती उतरवली. सासरे त्याच्या दंडाला धरून बाहेर निघाले, आणि चालता चालता त्यांचं सुरूच होतं, बस चालवताना आपण कधी वाहकाची चूक अंगावर घेतली नाही की वाहकावर आपली चूक घातली नाही, आणि तू स्वतःला समजतोस कोण. कापूस मान खाली घालून हो बाबा, हो बाबा करत होता.

थोरला चार पावलं मागे होता. मग तीन. मग दोन.

"बाबा," तो म्हणाला. "चूक माझी होती. मोठी होती. टेकडी समोर आली होती."

त्यानं ते मुद्दाम मोठ्यानं म्हटलं. मान थोडी पुढे केली, नकळत.

सासऱ्यांनी अर्धवट वळून पाहिलं.

"असू द्या हो," ते म्हणाले, "होतं असं कधी कधी," आणि पुन्हा कापसाकडे तोंड करून त्याला उरलेलं ऐकवायला लागले.